अंगणाची पायरी

शैला,

यंदा उधाण बघायला जायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मी गेले. हे आधी सांगते, बाकीचं त्याच्यामागून येईल.

तुझ्या शोकसभेत एक गृहस्थ बोलले. समुद्राने आपल्या लेकीला परत बोलावून घेतलं, असं ते म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तुला पोहता येत नव्हतं. घोट्यापेक्षा जास्त पाण्यात तू कधी उतरली नाहीस. होडीत बसलीस की खाडी ओलांडेपर्यंत तू डोळे मिटून घ्यायचीस. तू गेलीस ती बंगळुरात, एका हॉस्पिटलच्या खोलीत. तिच्या खिडकीतून गाड्यांचा तळ आणि उड्डाणपुलाचा एक खांब दिसायचा. समुद्राचा त्यात काही संबंध नव्हता. तिथे उठून बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बातमीदारबाई, दुरुस्ती छापून आली का?"

आली.

आपली ओळख बंगळुरात, बनशंकरीतल्या त्या जिन्यात झाली. मी सोलापूरची, वृत्तसंस्थेच्या नोकरीसाठी नुकतीच इथे आलेली. तू वरच्या मजल्यावर. जिन्यात उभी राहून तू फोनवर कुणावर तरी ओरडत होतीस, "अण्णा, पाणी अंगणात येईपर्यंत वाट बघणार आहेस काय?" बंगळुरात पाण्यासाठी भांडणारे खूप ऐकले होते. टँकर आला नाही म्हणून भांडत. पाणी येईल म्हणून भांडणारी मी पहिल्यांदाच ऐकत होते. बातमी असेल म्हणून थांबले. तू फोन ठेवलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "स्वल्प सर गं, वाट दे, खाली कॉफी प्यायला चालले."

बाय-टू कॉफी घेतली आपण, एक कप दोघींत. अर्ध्या कपात तू सगळं सांगितलंस. कारवारच्या बाजूला तुमचं गाव. घराच्या अंगणातून चिऱ्याच्या पायऱ्या थेट किनाऱ्यावर उतरतात. वहिनी गेल्यापासून तिथे अण्णा, तुझा थोरला भाऊ, एकटाच. तू त्याला इकडे ये म्हणतेस, तो येत नाही. आषाढातल्या अमावास्येच्या भरतीला पाणी किती चढतं ते तू फोनवर विचारतेस आणि तो दरवेळी एकच उत्तर देतो: "नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे किती?" तू मला विचारलंस, जणू मीच अण्णा. "मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर लोक मला सांगतात, नेहमीसारखं चालतंय. नेहमीसारखं हा रिझल्ट नव्हे."

हे वाक्य मला आवडलं. पुढच्या आषाढात मी तुझ्याबरोबर निघाले. तुझ्या टीममधली प्राजक्ताही आली. ती पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेली, ट्रिप म्हटलं की बॅग भरणारी.

त्या पहिल्या खेपेला आपण जी चूक केली ती फक्त बंगळुरातले लोक करू शकतात. भरतीची वेळ तू फोनवर काढलीस. फोन बनशंकरीत होता. त्याने आपल्याला जवळचा समुद्र शोधून दिला आणि तो निघाला चेन्नईचा. पूर्वेच्या समुद्राची वेळ घेऊन आपण घाट उतरून पश्चिमेच्या समुद्रावर गेलो. सकाळी छत्र्या उघडून पायऱ्यांवर उभ्या राहिलो. पाणी लांब होतं. चपला काढून खालच्या पायरीवर ठेवल्या, फोटो काढले. "झालं? एवढंच?" असं प्राजक्ता म्हणाली. मी मनातल्या मनात बातमी रद्द केली. मग आपण आत जाऊन अण्णांनी केलेले घावन खात बसलो. समुद्र आला तो आपण तिसऱ्या घावनावर असताना.

बाहेर आलो तर खालची पायरी दिसतच नव्हती. तिघींच्याही चपला गेल्या होत्या. अण्णा दारात उभे राहून पोट धरून हसत होते. "गो शैले, तुमच्या कंपनीत सगळे असेच शहाणे की तू एकटीच?"

तू हसली नाहीस. पायऱ्यांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "चप्पल हे चांगलं माप आहे."

तुझं सगळं शास्त्र त्या वाहून गेलेल्या चपलांतून निघालं. पायऱ्यांना तू नावं दिलीस. सगळ्यात खालची शेवाळाची. तिच्यावरची धुण्याची, कारण वहिनी तिथे कपडे आपटत. मग फुटकी. आणि सगळ्यात वर अंगणाची. तिच्यानंतर पायरी नाही, तुळस आहे आणि घर आहे. दरवर्षी प्रत्येकाने आपली चप्पल अशा पायरीवर ठेवायची, जिथे पाणी पोचणार नाही असं त्याला वाटतं. ज्याची भिजेल त्याने सगळ्यांना घावन करून घालायचे. त्यामुळे प्राजक्ता घावन करायला शिकली.

तू मात्र उलटं करायचीस. तू आपली चप्पल अंगणाच्या पायरीवर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "भिजणार."

मग नियम आले. नियमांशिवाय तुला चैन कुठली! शिंतोडा धरायचा नाही. फेस धरायचा नाही. पाऊस असला तरी चप्पल वरून भिजतेच, म्हणून ओल्या चपलेला अर्थ नाही. न्हाणीघराच्या चुलीतली मूठभर राख पायरीवर टाकायची आणि चप्पल त्या राखेवर ठेवायची. शिंतोडा चपलेच्या खाली जात नाही, समुद्र जातो. राख गेली तर पाणी आलं. राख राहिली तर नाही आलं. प्राजक्ताने उंडीच्या झाडाला पाठ लावून फोटो काढायचा, दरवर्षी तिथूनच. आणि पाणी कुठल्या पायरीला लागलं हे कुणी सांगायचं? मी.

"ती का?" अण्णांनी विचारलं होतं.

"तिला पगार त्याचाच मिळतो," तू म्हणालीस. "शिवाय ती ना तुझ्या बाजूची, ना माझ्या."

याच अंगणात तुमच्या दोघांचा तो करार झाला. अंगणाच्या पायरीवरची राख ज्या वर्षी जाईल त्या वर्षी अण्णा घराला कुलूप लावून बंगळुरात येतील. तोपर्यंत तू त्यांना "ये" म्हणायचं नाही. अण्णांनी तुळशीला हात लावून कबूल केलं. तूही केलंस आणि परतीच्या वाटेवर घाट संपायच्या आत फोन करून त्यांना म्हणालीस, "ये म्हणत नाही. फक्त सांगते, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

आपण दोघी किती भांडलो या पायऱ्यांवरून. तुझं म्हणणं, पाणी चढतंय. एके वर्षी शेवाळाची पायरी, मग धुण्याची, मग फुटकीची कड. माझं म्हणणं, एका घराच्या चार पायऱ्यांवरून समुद्राबद्दल काही छापता येत नाही. वारा असतो, पावसाळी लाट असते, एखाद्या वर्षी वाळू सरकलेली असते. फुटकीला पाणी लागलं त्याच्या पुढच्या वर्षी ते धुण्याच्या पायरीवरच थांबलं, हेही मी तुला सोडू दिलं नाही.

"तू समुद्रालाही 'कथित' लावशील," तू म्हणायचीस. "कथित समुद्र किनाऱ्यावर आल्याचे समजते."

"आणि तू दोन फोटोंवरून घर रिकामं करायला लावशील."

"घर नाही गं. माणूस."

या भांडणाचा निकाल लागलेला नाही. तू गेलीस म्हणून तो तुझ्या बाजूने लागला असं मी मानत नाही. गेलेल्या माणसाला सगळे लगेच शेवटचा शब्द देऊन टाकतात. मी देणार नाही. तुला तसा फुकट मिळालेला शब्द आवडलाही नसता.

आता हॉस्पिटलातल्या त्या दुपारबद्दल. हे आपल्या दोघींतच होतं.

भेटायची वेळ होती. तू उशीला टेकून बसली होतीस. भिंतीवरचं कॅलेंडर मला उतरवून आणायला लावलंस आणि अमावास्येवर नखाने खूण केलीस. "मी नसेन यंदा," म्हणालीस. मी म्हटलं, पुढच्या वर्षी येशील. तू हात झटकलास. असली वाक्यं तुला चालत नसत. मग म्हणालीस, "ऐक. यंदा शिंतोडा आला तरी लागलं म्हण."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेस. पण तुझे डोळे स्वच्छ होते.

"राख मी नाही बघणार, प्राजक्ता नाही बघणार. तू म्हणशील ते अण्णा मानेल. माझं मानणार नाही, तुझं मानेल. तू कधी खोटं सांगितलं नाहीस म्हणून. एकदाच सांग. एका रात्री पाणी घरात शिरेल आणि तो एकटा असेल, हे डोळ्यांसमोर घेऊन मी इथे पडलेय. सांगशील ना? सरी?"

तेवढ्यात सिस्टर आली, वेळ संपली म्हणाली. मी पिशवी उचलली. दारातून वळून बघितलं. तू अजून माझ्याकडेच बघत होतीस, उत्तराची वाट बघत. मी हात हलवला. हात हलवणं म्हणजे हो नव्हे, नाहीही नव्हे. त्यानंतर तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस.

तुझ्या दिवसांना अण्णा बंगळुरात आले. इतकी वर्षं तू बोलावत होतीस. आले ते असे. तुझ्या रिकाम्या खोलीत त्यांची पिशवी ठेवली. सकाळी ते गॅलरीत उभे राहिले.

"इथून काय दिसतं?" त्यांनी मला विचारलं.

"समोरची बिल्डिंग."

"आणि तिच्या मागं?"

"दुसरी बिल्डिंग."

ते म्हणाले, "मग ही मला इथं आणून काय बघायला लावणार होती, गो?"

त्याच दिवशी टँकर आला नाही. खालच्या मजल्यावर आरडाओरडा सुरू झाला. तुमच्या गावात पाणी जास्त म्हणून तुला झोप नसायची, आणि इथे नाही म्हणून लोक बादल्या आपटतायत. अण्णा बादली घेऊन रांगेत उभे राहिले. कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, शैलाचा अण्णा. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. तुझी ओळख इतकी होती, हे त्यांना तिथे कळलं. बादली खाली ठेवून ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले होते.

ते परत गेले आणि आपल्या ग्रुपवर प्राजक्ताचा मेसेज आला. "गाइज, यंदा स्किप करू या. शैलाताईशिवाय टू मच होईल. ट्रिब्यूट म्हणून एक वर्ष गॅप." खाली हात जोडलेले, फुलं, मेणबत्त्या. सगळ्यांना पटलं. अण्णांनीही फोनवर सांगितलं, "येऊ नका. मला बघवणार नाही."

मी प्राजक्ताला फोन केला. विचारलं, "एक टेस्ट गाळली तर शैला काय म्हणायची?"

ती म्हणाली, "गॅप म्हणजे ट्रिब्यूट नव्हे. गॅप म्हणजे गॅप."

"मग?"

"मग काय, मी गाडी काढते. पण तू रडायचं नाहीस हां, मला घाटात ड्रायव्हिंग करायचंय."

मी रडले नाही. ती रडली. शिरसीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन दोघींनी कॉफी घेतली. बाय-टू मागितली नाही, पूर्ण दोन कप घेतले. कारण विचारू नकोस.

तुझ्या घरून मी तुझी एक चप्पल-जोडी आणली होती. निळ्या पट्ट्यांची, रबरी, गॅलरीत घालायचीस ती. अण्णांनी ती बघितली आणि ते न्हाणीघरात गेले. येताना मुठीत राख होती. अंगणाची पायरी त्यांनी फडक्याने कोरडी करून घेतली. पाऊस पहाटेच थांबला होता. त्यांनी राख टाकली, मी चपला ठेवल्या. प्राजक्ता उंडीच्या झाडापाशी गेली. यंदा वेळ कारवारची होती. मी स्वतः तपासली होती.

दुपार व्हायच्या आधी पाणी आलं. वारा समुद्राकडून होता. शेवाळाची गेली. धुण्याची गेली. फुटकीवर पाणी आलं, वळलं, पुन्हा आलं आणि तिच्या भेगेतून पांढरा फेस वर उसळला. फुटकी पूर्ण गेली. ती पूर्ण गेलेली मी आजवर बघितली नव्हती. हे नोंदवते. मग एक लाट पायऱ्यांच्या कडेवर आपटली आणि आमच्या तोंडावर उडाली. तुळस भिजली. तुझ्या चपलांचे पट्टे भिजून चमकायला लागले.

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "लागलं."

"शिंतोडा आहे, अण्णा."

"लागलं म्हण, गो." ते माझ्याकडे बघत नव्हते, चपलांकडे बघत होते. "तिची इच्छा होती. आयुष्यभर मी तिचं एक ऐकलं नाही. तू म्हण, मी कुलूप लावतो. त्या खोलीत जाऊन राहतो. बादली घेऊन रांगेत उभा राहतो. काय व्हायचंय?"

प्राजक्ताने कॅमेरा खाली केला. ती माझ्याकडे बघत होती. तूही बघत होतीस, असं मी लिहिणार नाही. तू नव्हतीस. तुझं वाक्य होतं. "एकदाच सांग. सरी?" मला फक्त एक शब्द बोलायचा होता. त्याने तुझी इच्छा पुरी झाली असती, अण्णांच्या मनावरचं ओझं उतरलं असतं आणि ते त्या रात्री सुरक्षित जागी झोपले असते. तुझं, त्यांचं, माझं, कुणाचंच त्याने वाईट झालं नसतं. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं.

पाणी उतरायला लागेपर्यंत मी थांबले. मग वाकून चपला उचलल्या.

राख जागच्या जागी होती. तुझ्या पावलाच्या आकाराची, करडी, टाचेपाशी थोडी दबलेली.

"नाही लागलं," मी म्हटलं. "फुटकी पूर्ण गेली. अंगणाची नाही."

अण्णा चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच. "तुला काही माया आहे की नाही? मेलेल्या माणसापुढं पण नियम?"

"नियम तिचाच आहे," मी म्हटलं. "आणि उद्या ही राख खरंच जाईल. त्या दिवशी मी फोन करून सांगेन, उठा. तेव्हा तुम्ही एका शब्दावर उठायला हवं. आज मी खोटं बोलले तर त्या दिवशी तुम्ही मला विचाराल, शिंतोडा की पाणी?"

ते तुळशीपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फुटकी पूर्ण गेली ना?"

"पूर्ण."

"मग आता नेहमीसारखं म्हणता येणार नाही."

"नाही येणार."

"हरली पण सोडलं नाही तिनं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा रडले. मोठ्याने, तोंड न झाकता. प्राजक्ता आत जाऊन घावनाचं पीठ भिजवायला लागली. तिची चप्पल फुटकीवर होती, ती कधीच वाहून गेली होती.

तेव्हा शैला, त्या दुपारी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. नाही. तू घाबरली होतीस म्हणून मागितलंस. मी ते देणार नव्हते, आणि मला वाटतं, तुलाही ते अर्धं माहीत होतं. नाहीतर तू माझ्याकडे मागितलं नसतंस, प्राजक्ताकडे मागितलं असतंस. ती लगेच हो म्हणाली असती. तू आपली इच्छा अशा माणसाच्या हाती दिलीस जो ती मोडेल. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि तेवढीच तुझ्यावर रागावलेलीही आहे.

लोक म्हणतात, आता तिला शांती मिळू दे. मी देणार नाही. भांडण चालू आहे. अण्णा घरीच आहेत. भरतीच्या दिवसांत ते सकाळी मला स्वतःहून फोन करतात. "नेहमीसारखं" म्हणत नाहीत, पायरीचं नाव सांगतात. तुझ्या चपला त्यांनी दाराच्या आत ठेवल्या आहेत. पुढच्या आषाढात मी त्या पुन्हा अंगणाच्या पायरीवर ठेवणार, राखेवर. राख जाईल त्या दिवशी अण्णांची पिशवी मी स्वतः भरेन आणि त्यांना तुझ्या खोलीत आणून सोडेन. त्या दिवशी जिंकलीस असं मी छापून सांगेन, 'कथित' न लावता.

यंदा राख जागेवर राहिली.